एका मताची हजेरी

आमच्या गावच्या ग्रामपंचायत निवडणुकीत तीन नंबरच्या वार्डात दोन बायकांना सारखी मतं पडली. मतदानाच्या त्या दुपारी मी सांगलीत माझ्या घरी जेवून झोपलो होतो. आज हे मी सहज लिहितोय, पण त्या वेळी कबूल करायला मला आठ दिवस लागले होते.

त्या दोघींतली एक माझी चुलती. आमचं गाव शिराळ्याच्या पुढं, वारणेच्या अंगाला आहे. आई-वडील गेल्यापासून तिथलं आमचं घर कुलपात असतं आणि आमचा दीड एकर ऊस काकाच बघतात. मी सांगलीत एका कनिष्ठ महाविद्यालयात प्रयोगशाळा सहायक आहे. बायको घरी शिकवण्या घेते. लग्नानंतर वर्षभरात तिनं स्वतःचं नाव सांगलीच्या मतदार यादीत घालून घेतलं. माझं गावातच राहिलं, आणि ते तिथं आहे याचं मला बरंही वाटायचं. पहिलं मत मी दिलं ते गावच्या शाळेत, चौथीला ज्या वर्गात बसलो त्याच वर्गात. बोटावरची शाई पुसू नये म्हणून दोन दिवस डाव्या हातानं काही धुतलं नव्हतं. पुढं नोकरी, संसार, आणि मग मत देणं म्हणजे एक सुट्टी आणि सव्वाशे किलोमीटर जाऊन-येऊन, एवढंच त्याचं मोल उरलं.

काकी निवडणुकीला उभी राहिली ती पाण्यासाठी. आमच्या वार्डात नळाला पाणी येतं, रोज येतं, पण यायचं सकाळी दहाला. दहाला बायका रानात असतात. कोणी भांगलणीला, कोणी भुईमुगाला, कोणी दुसऱ्याच्या रोजावर. ज्यांच्या घरात म्हातारं माणूस आहे त्यांचं भागायचं. बाकीच्या खुरपं टाकून पळत घरी यायच्या, दोन घागरी भरायच्या आणि मुकादमाचं बोलणं खायला परत जायच्या. हेच पाणी संध्याकाळी सहाला सोडा, एवढं काकीचं मागणं. त्याला पैसा लागत नव्हता. चावी फिरवायची वेळ बदलायची होती. ती चार वर्षं सांगत होती आणि चार वर्षं तिला उत्तर मिळत होतं, बघू. वार्डातली एक जागा बायकांसाठी राखीव झाली तेव्हा ती म्हणाली, आता मीच बघते.

काका लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. काकी त्यांच्याबरोबर काही वर्षं जबलपूरला आणि बेळगावला क्वार्टरमध्ये राहिलेली. त्यामुळं तिच्या बोलण्यात गावाकडच्या शब्दांबरोबर ‘टाइम पे’ आणि ‘रेडी’ असतं. तिला चिन्ह हवं होतं छत्री, मिळाली ढोबळी मिरची. आमच्या रानात कधी ढोबळी लावली नाही आणि आता दारोदार तिचंच नाव घेत फिरायचं, म्हणून ती पहिले दोन दिवस नाराज होती. तिसऱ्या दिवशी तिनं सांगलीहून मला पाच किलो ढोबळी आणायला लावली आणि घरोघरी एक-एक दाखवत सुटली.

प्रचाराचा सगळा कारभार काकांकडे. माजघराच्या भिंतीवर त्यांनी मतदार यादीची पानं ओळीनं चिकटवली होती. हिरवी पेन्सिल आपल्या माणसांना, तांबडी त्यांच्या माणसांना आणि निळी डळमळीत असतील त्यांना. माझ्या नावापुढं हिरवी खूण होती. ती करायला काकांना विचारही करावा लागला नसेल.

मतदान रविवारी होतं. सकाळी सातला काकांचा फोन आला, निघालास का? मी म्हणालो, आवरतोय. दहाला परत आला, म्हणालो, निघतोच. त्या दिवशी मेव्हणा मिरजेहून सहकुटुंब आला होता, येताना मटण घेऊन आला होता, आणि जेवूनच निघावं असं ठरलं. जेवायला एक वाजला. तांबडा रस्सा झाला होता फर्मास. दोनला तिसरा फोन आला तेव्हा मी पंख्याखाली कॉटवर पडलेलो, आणि माझ्या तोंडातून आपोआप गेलं, “पेठ नाक्याला आलोय.” पेठ नाका म्हणजे निम्म्याहून जास्त वाट सरली.

असं का म्हणालो ते मला आजही नीट सांगता येत नाही. काकांनी पुन्हा विचारू नये, एवढंच वाटलं असावं. हिशेब मनात होता: आता उठलो तर मोटारसायकलवरून चारपर्यंत पोचतो, काकांना काही कळत नाही. फक्त पाच मिनिटं डोळे मिटतो म्हटलं. जाग आली तेव्हा पावणेपाच झाले होते. मतदान साडेपाचपर्यंत. कॉटवर बसून मी अंतराचा आणि वेगाचा हिशेब दोनदा केला. प्रयोगशाळेत इतकी वर्षं काढल्यामुळं उत्तर काय येणार ते कळत होतं. मग मी फोनचा आवाज बंद करून ठेवला.

मंगळवारी शिराळ्याला मतमोजणी झाली. मी तिथं नव्हतो. पुढं जे कळलं ते काकांकडून आणि गावातल्या इतरांकडून. यंत्रानं काकीला दोनशे अकरा मतं दाखवली आणि कपाट चिन्हाच्या बाईला दोनशे अकरा. काकांच्या यादीप्रमाणं काकी एका मतानं निवडून यायला पाहिजे होती, म्हणून त्यांनी फेरमोजणी मागितली. आकडा तोच. मग अधिकाऱ्यांनी नियम समजावून सांगितला, दोन चिठ्ठ्या एकसारख्या घड्या घालून स्टीलच्या डब्यात टाकल्या आणि तिथल्याच एका शाळकरी मुलीकडून एक उचलून घेतली. चिठ्ठी कपाटाची निघाली.

कपाटवाली म्हणजे वरच्या आळीतली सून, चारच वर्षांपूर्वी लग्न होऊन गावात आलेली. गुलाल उधळायला लागला तेव्हा काकी तिच्याजवळ गेली, तिच्या हातानं स्वतःच्या कपाळाला गुलाल लावून घेतला आणि म्हणाली, पाण्याचं तेवढं बघ बाई. मग जीपमध्ये बसून घरी आली.

गावच्या व्हॉट्सॲप गटावर फोटो आले आणि खाली कोणीतरी लिहिलं, एका मतानं घोळ केला. नाव कोणी घेतलं नाही. पण केंद्रावर बसलेल्या आमच्या माणसानं कोण येऊन गेलं याच्या खुणा केल्या होत्या, ती यादी काकांच्या हातात आली होती. मला हे कळलं ते काकांच्या गप्प बसण्यावरून. उसाच्या पाण्यासाठी, खतासाठी एक दिवसाआड फोन करणारा माणूस, त्यांचा आठ दिवस फोन नाही.

बायकोनं त्या रविवारी मला काही म्हटलं नव्हतं. निकालाच्या संध्याकाळी वह्या तपासता-तपासता तिनं विचारलं, “पेठ नाक्याला आलोय असं का सांगितलंत?” ती म्हणाली की हे फोनवर मिटायचं नाही, जाऊन या.

पुढच्या रविवारी मी भडंगाचा पुडा घेऊन गेलो. काकी अंगणात शेंगा फोडत बसली होती. काका आत, भिंतीवरची यादी अजून तशीच. वाटेत मी गाडी पंक्चर झाल्याची गोष्ट नीट जुळवून ठेवली होती. कुठं झाली, किती वेळ गेला, दुकान कसं बंद होतं, सगळं. पण आत गेल्यावर माझ्या नावापुढच्या हिरव्या खुणेकडं लक्ष गेलं. तिच्या शेजारी काकांनी निळ्या पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलं होतं. तांबडी फुली मारली असती तर मी कदाचित पंक्चरचीच गोष्ट सांगितली असती. ते प्रश्नचिन्ह बघून मात्र माझ्यानं ती सांगवेना. मी म्हणालो, “झोपलो होतो काका.”

काका उठले आणि गोठ्यात गेले. बराच वेळ तिकडून बादल्यांचा आवाज येत राहिला. काकीनं मला शेजारी बसायला सांगितलं आणि त्या दिवशी जेवायला काय होतं ते विचारलं. मी म्हणालो, मटण. मग झोप येणारच, असं ती म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर मला राग दिसेना, तेव्हा मला जास्तच वाईट वाटलं. मी भरपाईचं काहीतरी पुटपुटलो. तिनं हातातल्या शेंगा खाली ठेवल्या.

“मत न्हाई दिलंस,” ती म्हणाली, “आता येळ दे.”

तिची अट अशी होती: वर्षाला चार ग्रामसभा असतात, चारही सभांना यायचं, पुढं बसायचं आणि संपेपर्यंत उठायचं नाही. आणि वाटेतून ‘आलोय’ म्हणून फोन करायचा नाही, आल्यावर तोंड दाखवायचं. मी लगेच कबूल झालो. चार दिवस म्हणजे काहीच नव्हे, असं मला वाटलं.

पहिली सभा सव्वीस जानेवारीची. झेंडावंदनाला शाळेच्या मैदानावर गाव लोटलं होतं. मुलांची भाषणं झाली, चॉकलेट वाटली, आणि अकराला देवळाच्या मंडपात ग्रामसभा सुरू झाली तेव्हा तिथं सतरंजीवर मी, काकी आणि मोजून एकवीस माणसं. ग्रामसेवकांनी अर्धा तास वाट बघितली, गणपूर्ती नाही म्हणून सभा तहकूब केली आणि वही मिटली. मी सुटकेचा निःश्वास टाकला. काकीनं मला हाताला धरून बसवलं आणि ग्रामसेवकांना विचारलं, तहकूब सभा परत कधी, आणि तिला किती माणसं लागतात? त्यांनी सरळ सांगितलं की तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही.

तेव्हा मला पहिल्यांदा उमजलं की आमच्या गावाचे सगळे ठराव आठ-दहा माणसं करत होती, आणि त्यात त्यांची काही लबाडी नव्हती. बाकीचे आम्ही येतच नव्हतो. इतकी वर्षं मी सांगलीत बसून गावच्या कारभाराला नावं ठेवत होतो आणि कारभार कुठल्या मंडपात चालतो हे मला ठाऊक नव्हतं.

ग्रामसेवकांकडून मी नियमांची पुस्तिका मागून आणली आणि कॉलेजात मोकळ्या तासाला वाचून काढली. आमच्या गावाला गणपूर्तीसाठी शंभर माणसं लागत होती. हे मी काकीला फोनवर सांगत होतो, काका शेजारी असावेत. दोन महिने ते माझ्याशी बोलले नव्हते. त्यांनी फोन हातात घेतला आणि नुसतं म्हणाले, “शंभर माणसं. कोण कोण येतील, लिहून घे.” ते नावं सांगत गेले, मी लिहीत गेलो. चोपन्न नावांवर ते थांबले. बाकीची नावं आपण हुडकू, म्हणाले. ‘आपण’ म्हणाले, हे माझ्या लक्षात आलं आणि मी कागदावर पंचावन्नचा आकडा टाकून ठेवला.

एक मेच्या सभेला एकसष्ट माणसं आली. पुन्हा तहकूब. पण त्या दिवशी बायका का येत नाहीत ते आम्हाला कळलं. अकराची वेळ त्यांच्या कामाची, आणि आल्या तरी मागं बसायचं, पुढं चार पुरुष ओरडणार, आपलं कोण ऐकणार. काकी म्हणाली, चल, मेंबरबाईच्या घरी जाऊ.

वरच्या आळीत जायला मला नको वाटत होतं. माझ्या झोपेनं ज्यांच्या घरात गुलाल आला त्यांच्याच दारात मी चाललो होतो. तिच्या सासऱ्यांनी आमचं चांगलं स्वागत केलं, आणि काकीनं काही विचारलं की सुनेच्या आधी तेच उत्तर देऊ लागले. काकीनं ऐकून घेतलं आणि चहा तुझ्या हातचा घेते, असं सुनेला म्हणत आत गेली. त्या दोघी पाऊण तास आत. मी बाहेर सासऱ्यांबरोबर ऊसतोडीच्या गप्पा मारत होतो. तेही माणूस वाईट नव्हते. सुनेला काय येतंय, असं त्यांना मनापासून वाटत होतं आणि तिचं ओझं आपण उचलतोय असा त्यांचा समज होता.

परत येताना काकी घुश्श्यात होती. त्या मुलीनं पाण्याची गोष्ट घरात दोनदा काढली होती, कोणी पुढं नेली नव्हती. मासिक सभेला तिचा नवरा किंवा सासरा जायचा आणि सही तेवढी तिची. “निवडून ती आली,” काकी म्हणाली, “पर तिला अजून कुणी बोलूच दिलं न्हाई.” मग थोडं पुढं गेल्यावर तिचा राग उतरला. ती पोरगी हुशार आहे, म्हणाली, बी.एस्सी. झालीय, आणि चहात आलं लय घालते.

त्यानंतर दोघींनी मिळून जे केलं त्यात माझा वाटा फार थोडा. सभेची वेळ झेंडावंदनानंतर लगेच, नऊला ठेवावी असा अर्ज मी लिहिला, त्याखाली बायकांच्या सह्या त्यांनी गोळा केल्या. वेळ बदलून मिळाली. मेंबरबाई आठवडाभर रोज दहाच्या सुमाराला वही घेऊन वार्डात फिरली आणि कुठल्या घराला कुलूप आहे ते लिहीत गेली. सासऱ्यांना वाटलं, घरपट्टीचं काहीतरी काम असेल.

पंधरा ऑगस्टला सकाळी भुरभुर पाऊस होता. मी भीत-भीतच गेलो, की या पावसात कोण येणार. पण रानातली कामं पावसानं बंद, म्हणून बायका मोकळ्या होत्या. साडेआठपासूनच मंडपात येऊन बसायला लागल्या, आणि पुढं बसायला लागल्या. पुरुषांना मागं जागा शोधावी लागली. सही करून परत जायची जुनी खोड असलेले बरेच होते, म्हणून काकांनी मंडपाच्या दारातच खुर्ची टाकली. ते कोणाला काही म्हणत नव्हते. ताठ बसून बाहेर जाणाऱ्याकडं नुसते बघायचे, आणि तो परत आत येऊन बसायचा. ग्रामसेवकांनी सह्या मोजल्या, एकशे सतरा. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत मोजल्या.

पाण्याचा विषय निघाला. सरपंचांनी विजेच्या वेळेची अडचण सांगितली. पाणी सोडणारा म्हणाला, सहाला माझी धार काढायची वेळ असते. त्यावर त्याचीच बायको पुढच्या रांगेतून म्हणाली की धार मी काढते, तुम्ही कधी काढली? मंडप हसला. मेंबरचं काय म्हणणं, असं ग्रामसेवकांनी विचारलं तेव्हा सासरे उठून उभे राहिले.

काकी बसल्या जागेवरून शांतपणे म्हणाली, “आवं दाजी, मेंबर बसल्यात की हितं. त्यास्नी बोलू द्या.”

सासऱ्यांनी इकडं-तिकडं बघितलं, मग मागं वळून सुनेकडं बघितलं. ती वही छातीशी धरून उभी राहिली होती. ते खाली बसले. पहिली दोन वाक्यं मागं ऐकूच गेली नाहीत. मग तिनं वही उघडली आणि वाचायला लागली, सोमवारी कुठल्या घरांना कुलूप, मंगळवारी कुठल्या. कोणाचं नाव न घेता, घराचा नंबर सांगत. निम्म्याहून जास्त घरं दहाला बंद होती आणि त्यांच्यासमोर नळ उघडेच वाहत होते. पाणी वाया जातंय ते वेगळंच, असं म्हणून ती बसली. तिच्या सासऱ्यांनी मान हलवली. त्यांनाही हे नवीन होतं.

किराणा दुकानदारांनी विरोध केला. त्यांना सकाळचंच पाणी सोयीचं होतं, आणि ते त्यांनी मोकळेपणानं सांगितलं. मग हात वर करून मत घ्यायचं ठरलं. ग्रामसेवक लिहिण्यात गुंतले होते, म्हणून हात मोजायला कोणीतरी माझं नाव सुचवलं. मागून हशा आला. तो कशासाठी ते मला कळलं आणि माझे कान तापले, पण मी उठलो. प्रयोगशाळेत मोजमाप दोनदा घ्यायची सवय, तसं मी दोनदा मोजलं. संध्याकाळच्या बाजूनं ब्याऐंशी. विरोधात एकोणीस. बाकीच्यांनी दोन्हीकडं हात वर केला नाही. तो आकडा मी मोठ्यानं सांगितला, ग्रामसेवकांनी वहीत लिहिला, आणि ठराव झाला.

ठराव झाला म्हणून पाणी दुसऱ्या दिवशी आलं नाही. मोटारीची वेळ, टाकीचा व्हॉल्व्ह, असं करत दसरा गेला. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सगळे गावी गेलो तेव्हा सहाचं पाणी सुरू होऊन चार दिवस झाले होते. साडेपाचला बायका रानातून आल्या, पाय धुतले, चूल पेटवली, आणि सहाला सगळ्या गल्लीत एकदम बादल्यांचा आवाज सुरू झाला. एकमेकींशी बोलत, हसत, कोणी भांडत, कोणी पोराला न्हाऊ घालत. दहाला सुनी पडणारी ती गल्ली. माझी बायको काकीच्या नळावर हंडा लावून उभी होती आणि शेजारणींत पहिल्यांदाच इतकी मिसळलेली मला दिसली. काका पिंप भरत होते. पिंप भरल्यावर त्यांनी नळ बंद केला आणि मला म्हणाले, पुढच्या सभेला रस्त्याच्या दिव्यांचं काढायचंय, वाचून ये.

मी वाचून गेलो. त्याच्या पुढच्या सभेलाही गेलो. अशा नऊ-दहा सभा झाल्या असतील. कॉलेजात सहकारी मला ग्रामसेवक म्हणायला लागले होते. एका सभेत दिव्यांवरून बोलणं वाढलं आणि ते किराणा दुकानदार तिरसटपणे म्हणाले की ह्यांचं मत इथं, पण पाणी भरतात सांगलीत. कोणी त्याकडं लक्ष दिलं नाही. मला मात्र ते लागलं, कारण ते खरं होतं. एकोणीस वर्षं मी सांगलीत राहत होतो. माणूस राहतो तिथंच त्याचं नाव यादीत असावं, हे नियमाच्या भाषेत मी आता वाचलेलं होतं.

नाव सांगलीला हलवतो, हे काकीला सांगायला मला झोपेच्या कबुलीइतकंच जड गेलं. ती मेथी निवडत होती. सगळं ऐकून घेतल्यावर तिनं विचारलं, तुझ्या गल्लीत पाणी किती वाजता येतं? मला सांगता येईना. पाणी बायको भरते.

“मग तुझी ग्रामसभा तिकडंच हाय,” काकी म्हणाली. मेथीच्या काड्या बाजूला करत ती पुढं म्हणाली, “आमचं एक मत गेलं म्हणायचं. पर ते हुतं कवा?” आणि पदर तोंडाला लावून इतकी हसली की काका आतून बघायला आले.

सांगलीला येऊन मी नाव हलवण्याचा अर्ज भरला. मी खरंच तिथं राहतो का ते तपासायला निवडणुकीच्या कामावरच्या एक शिक्षिका घरी आल्या. त्या बायकोला ओळखत होत्या, मला नाही. काही महिन्यांनी यादीत बायकोच्या नावाखाली माझं नाव लागलं. पुढं शहराची निवडणूक आली त्या सकाळी बायकोनं मला सव्वासातलाच तयार केलं. केंद्र कुठं, कुठल्या दारानं आत जायचं, रांग कुठं लागते, तिला सगळं माहीत. रांगेत तिच्याशी बोलायला प्रत्येकजण थांबत होता. त्यांची मुलं तिच्याकडं शिकायला येतात. माझी ओळख मॅडमचे मिस्टर. एवढी वर्षं मी या गल्लीतून कॉलेजला जात-येत होतो आणि पुढच्या-मागच्या दहा माणसांतल्या दोघांचीही नावं मला सांगता येत नव्हती. आमच्या प्रभागातून चार नगरसेवक निवडायचे, म्हणून आत गेल्यावर एकदम चार मतं द्यायची होती, चार बटणं, चार आवाज. बाहेर आल्यावर मला उगीच श्रीमंत झाल्यासारखं वाटलं.

रांगेत बोलणं निघालं होतं ते गल्लीमागच्या नाल्याचं. गाळ भरलाय, पावसाळ्यात पाणी पायऱ्यांपर्यंत येतं, कोणीतरी जायला हवं, असं सगळेच म्हणत होते. मी कोण-कोण येणार ते विचारलं आणि मतदार चिठ्ठीच्या मागं नावं लिहून घेतली. नऊ जण तयार झाले. सोमवारी अकराला प्रभाग कार्यालयाच्या दारात पाच जण आलो, त्यांत आम्ही दोघं.

आतल्या साहेबांनी वर बघितलं आणि विचारलं की तुम्ही कोणाकडून आलात? बायको म्हणाली, “कोणाकडून नाही. आम्ही तिथं राहतो.”

त्यांना हे जरा अनपेक्षित असावं. त्यांनी खुर्च्या मागवल्या, अर्ज वाचला, नाल्याच्या वरच्या तोंडाला पाइप किती इंची आहे असं विचारलं. ते आमच्यातल्या एका निवृत्त गवंड्याला माहीत होतं. बारा दिवसांनी यंत्र आलं, अर्धा नाला उपसला आणि दुसरीकडं निघून गेलं. गाळाचा ढीग काठावरच. गल्लीत दोन दिवस असा वास होता की खिडक्या उघडता येईनात, आणि सगळे त्या वासाचं श्रेय मला देत होते.

मग उरलेल्या अर्ध्यासाठी आम्ही पुन्हा गेलो. या वेळी मी कोणाचं नाव लिहून घेतलं नव्हतं. तरी प्रभाग कार्यालयाच्या पायरीवर अकरा माणसं होती, आणि साहेबांना खुर्च्या कमी पडल्या.